नऊ रौप्यमहोत्सवांचा धनी : दादा कोंडके

आपल्या सोसायटीचा रौप्यमहोत्सव पंचवीस वर्षांनी आला. सिनेमाचा रौप्यमहोत्सव पंचवीस आठवड्यांत येतो. ऐकायला तो सोपा वाटतो, पण हिशेब करून पाहा. एकाच टॉकीजमध्ये एकच चित्रपट सलग पंचवीस आठवडे चालायचा म्हणजे १७५ दिवस झाले. रोजचे तीन खेळ धरले तर सव्वापाचशे खेळ होतात आणि प्रत्येक खेळाला खुर्च्या भरायला माणसं लागतात. एवढी माणसं एखाद्याच्या नावावर एकदा गोळा झाली तरी लोक आयुष्यभर सांगत फिरतात. मराठीत एक माणूस असा होऊन गेला की त्याच्या नऊ चित्रपटांनी हा पल्ला गाठला, आणि त्यापायी त्याचं नाव गिनीज बुकाशी जोडलं गेलं. कृष्णा कोंडके, म्हणजे आपले दादा कोंडके.

स्मरणिका समितीने मला एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात दुसरी नावे असणार. चिमूरला अशा नावांची वाण नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आहेत, सन बेचाळीसचे हुतात्मे आहेत. त्यांच्यावर आपल्या गावात दरवर्षी लिहिले जाते आणि ते माझ्यापेक्षा जाणती मंडळी लिहितात. मी दादांचे नाव सुचवले तेव्हा बैठकीत दोघे हसले, एकाने भुवया उंचावल्या आणि एका वहिनींनी विचारले की हा अंक पोराबाळांच्या हातात जाणार आहे ना. प्रश्न रास्त होता, त्याचे उत्तर पुढे येईलच.

दादांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, मुंबईत नायगावच्या चाळीतला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यात भोरजवळच्या इंगवली गावचे. त्या काळी त्या बाजूची घरेच्या घरे मुंबईच्या गिरण्यांत कामाला जात, तसे कोंडकेही गेले होते. घरातले लोक बॉम्बे डाइंगमध्ये कामाला. गोकुळअष्टमीच्या सुमारास जन्म म्हणून नाव कृष्णा ठेवले, पण पुढे चिकटले ते दादा. या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. थोरला भाऊ तो एक आणि गल्लीत ज्याचा वचक तो दुसरा. तरुण वयात हा दुसरा अर्थही त्यांना लागू होता. सोड्याच्या बाटल्या, विटा, दगड अशा हत्यारांच्या मारामाऱ्यांत ते पुढे असत. पुढे पडद्यावर ज्यांनी बावळट, भोळसट नाम्या उभा केला, ते स्वतः अजिबात भोळे नव्हते. ही गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवावी लागते.

गिरणगाव म्हणजे नुसते भोंगे आणि चिमण्या नव्हेत. एका खोलीत दहा-दहा माणसे राहत. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच जागी आडवा होई. तरी संध्याकाळी भजन असे, बँड असे, नमन आणि तमाशा असे. शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांची लोकनाट्ये याच कामगारांच्या गर्दीसमोर वाढली. दादांनी आधी बँडमध्ये वाजवले. पोटासाठी ‘अपना बाजार’मध्ये नोकरी धरली, पगार महिना साठ रुपये. अशातच घरातली जवळची माणसे थोड्या काळात एकापाठोपाठ गेली. त्यानंतर कितीतरी महिने ते कोणाशी धड बोलत नव्हते, जेवत नव्हते. त्यातून बाहेर आले तेव्हा लोकांना हसवायचे हेच काम करायचे, असे त्यांनी मनाशी पक्के केले होते. असे धक्के बसलेली माणसे पुष्कळ असतात. कोणी देवाकडे वळतो, कोणी बाटलीकडे. हा गडी सोंगाकडे वळला.

राष्ट्र सेवा दलाचे कलापथक ही त्यांची शाळा. वसंत बापटांसारखा कवी त्या पथकाचे काम पाहत होता, पु. ल. देशपांड्यांनी त्यांना ‘पुढारी पाहिजे’ लिहून दिले होते, निळू फुले, राम नगरकर याच पथकांतून पुढे आले. सुशिक्षितांची शिस्त आणि तमाशाची रग यांचा संगम तिथे होता. तिथे दादांची ओळख वसंत सबनीसांशी झाली. दादांचे ‘खणखणपूरचा राजा’मधले काम सबनीसांनी पाहिले होते. पुढे दादांनी स्वतःची नाटक कंपनी काढली आणि सबनीसांना गळ घातली की आपल्यासाठी एक वग लिहा. त्यांनी लिहिला तो ‘विच्छा माझी पुरी करा’. साल १९६५ च्या सुमाराचे.

वगाची गोष्ट साधी आहे. राज्यात कोतवालाची जागा रिकामी होते. इतकी वर्षे इमानाने चाकरी केलेला हवालदार बढतीची वाट पाहत बसतो. प्रधान मात्र त्या जागेवर आपला मेहुणा आणून बसवतो. मग हवालदार आणि नाचणारी मैनावती मिळून त्या नव्या कोतवालाला असे गुंडाळतात, की तो खुद्द राजाचा पलंग पळवायला निघतो. आता ज्याने कधी सरकारी किंवा बँकेची नोकरी केली आहे, ज्याने बढतीच्या यादीत स्वतःचे नाव शोधले आहे, त्याला या वगात हसू का येते हे मी वेगळे सांगायला नको. मी नागपूरला कॉलेजात शिकत असताना हा वग पाहिला तेव्हा नोकरी लागायची होती. हसलो खूप, पण पुरता अर्थ लागायला पुढची तीस वर्षे नोकरी करावी लागली.

दादांचा हवालदार समजायचा तर आपल्या भागातली खडी गंमत आठवा. आपल्याकडे दंडार आहे, खडी गंमत आहे. तिच्यातला सोंगाड्या काय करतो? गोष्ट पुढे चाललेली असते आणि हा मधेच थांबून समोर बसलेल्या पाटलाच्या पागोट्यावर घसरतो, सोसायटीच्या सेक्रेटरीला ओढतो, कालच्या पंचायतीची खिल्ली उडवतो. पाटील स्वतःच हसतो, कारण न हसून सांगेल कोणाला? दादांनी मुंबईच्या रंगमंचावर हेच केले. सबनीसांची संहिता हाडासारखी मजबूत होती, पण मास रोज ताजे चढायचे. सकाळच्या पेपरात जे आले ते रात्री वगात. महागाई, रेशन, मंत्र्यांचे दौरे, निवडणूक, काहीही. उशिरा आलेला प्रेक्षक, रडणारे पोर, मधेच गेलेली वीज, सगळे त्यात सामील. आज शहरांत एकटा माणूस माइक घेऊन उभा राहतो आणि तासभर लोकांना हसवतो, माझा नातू मोबाईलवर ते पाहत असतो. त्याला मी सांगतो की हे काम दादा करत होते आणि तेही वगातली भूमिका, गाणे, ढोलकी आणि समोरच्या नटाचा ताल सांभाळून. या वगाचे हजारावर प्रयोग झाले. लोक एकदा पाहून परत येत, कारण कालचा प्रयोग आज मिळत नसे.

परत परत येणाऱ्यांत आशा भोसले होत्या. त्यांनी दादांचे नाव कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांना सुचवले आणि १९६९ च्या ‘तांबडी माती’त दादांना पहिल्यांदा पडद्यावर काम मिळाले. चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. भालजी म्हणजे शिस्तीचे माणूस. चित्रपट कसा उभा करतात, कॅमेऱ्यापुढे किती बोलायचे आणि कुठे गप्प राहायचे, हे दादा तिथे शिकले असणार. पण दुसऱ्याच्या चित्रपटात विनोदी पात्र होऊन राहणे हा त्यांचा पिंड नव्हता. दोन वर्षांत ते स्वतः निर्माते झाले.

इथे माझ्यातला बँकवाला थोडे बोलेल. त्या काळी चित्रपट काढायला कोणतीही बँक दारात उभे करत नव्हती, कारण सरकारी दृष्टीने तो उद्योगच नव्हता. निर्माता घरदार गहाण टाकायचा, नाहीतर वितरकाची आगाऊ रक्कम आणि सावकाराचे व्याज यांत अडकायचा. चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा केंद्र सरकारने जाहीर केला तो मे १९९८ मध्ये. दादा त्याच वर्षी मार्चमध्ये गेले. म्हणजे नऊ रौप्यमहोत्सव करणाऱ्या या निर्मात्याला सरकारने हयातीत उद्योजक मानलेच नाही.

‘सोंगाड्या’ १९७१ साली आला. कथा पुन्हा वसंत सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचे, संगीत राम कदमांचे. आईच्या धाकातला भोळा नाम्या तमाशाच्या फडात जातो आणि तिथल्या कलावतीच्या मागे सगळे विसरतो. उषा चव्हाण नायिका, आईच्या भूमिकेत रत्नमाला, शिवाय निळू फुले. चित्रपट तयार झाला, पण लावायचा कुठे? मुंबईतली चांगली चित्रपटगृहे हिंदीच्या ताब्यात. दादरच्या ‘कोहिनूर’मध्ये तारखा ठरल्या होत्या. ऐन वेळी मालकाला देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावावासा वाटला. व्यापारी म्हणून त्याचे गणित त्याच्या परीने बरोबर असेल. एकीकडे देव आनंद आणि दुसरीकडे लोंबत्या नाड्याची चड्डी घातलेला कोण एक कोंडके. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले. शिवसैनिक चित्रपटगृहापाशी जमले आणि ‘सोंगाड्या’ ‘कोहिनूर’ला लागला. त्या प्रकाराबद्दल मतभेद असू शकतात. दमदाटीने कोणाचे दुकान उघडावे, हे मला आजही पटत नाही. पण एक खरे आहे की शिवसैनिकांनी फक्त दार उघडून दिले. आत पंचवीस आठवडे माणसे बसवणे हे दमदाटीचे काम नव्हे. तिकीट काढून हसायला कोणी कोणावर जबरदस्ती करू शकत नाही.

त्यानंतरची अकरा वर्षे म्हणजे एखाद्या पासबुकात फक्त जमेच्याच नोंदी दिसाव्यात तशी आहेत. ‘एकटा जीव सदाशिव’ १९७२, ‘आंधळा मारतो डोळा’ १९७३, ‘पांडू हवालदार’ १९७५, ‘तुमचं आमचं जमलं’ १९७६, ‘राम राम गंगाराम’ १९७७, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ १९७८, ‘ह्योच नवरा पाहिजे’ १९८०, ‘आली अंगावर’ १९८२. नावे वाचतानाच काहींच्या चेहऱ्यावर हसू आले असेल आणि काहींनी पान उलटले असेल. ‘पांडू हवालदार’पासून दिग्दर्शनही त्यांचेच. संस्था ‘कामाक्षी पिक्चर्स’. त्याच चित्रपटाची ‘चंदू जमादार’ म्हणून गुजराती आवृत्तीही त्यांनी काढली. ‘एकटा जीव सदाशिव’वरून पुढे गोविंदाचा ‘जिस देश में गंगा रहता है’ हा हिंदी चित्रपट निघाला, तो २००० साली, दादा गेल्यावर.

त्यांच्या कामाची पद्धत मला एखाद्या जुन्या पेढीसारखी वाटते. माणसे बदलायची नाहीत. नायिका उषा चव्हाण, आई रत्नमाला, पुरुषाचा आवाज महेंद्र कपूरचा, बाईचा उषा मंगेशकरांचा. महेंद्र कपूर पंजाबी माणूस, पण दादांसाठी असा काही गायला की खेड्यातल्या लोकांना तो सांगली-साताऱ्याचाच वाटे. आणि नवी माणसे घ्यायची तर पारखून घ्यायची. ‘पांडू हवालदार’मध्ये त्यांनी अशोक सराफांना बरोबरीची हवालदाराची भूमिका दिली आणि तिथून त्यांची गाडी सुसाट निघाली. अशोक सराफ तेव्हा स्टेट बँकेत नोकरीला होते हे आम्हा बँकवाल्यांना अभिमानाने सांगायला आवडते. स्वतःच्या चित्रपटात दुसऱ्याला हशे घेऊ देणारा विनोदी नट विरळा. दादांनी ते दिले.

विदर्भाच्या माणसाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट याच ‘पांडू हवालदार’ची आहे. संगीतकार म्हणून त्यांनी दोन नवी पोरे घेतली, सुरेंद्र हेंद्रे आणि विजय पाटील. हे विजय पाटील आपल्या नागपूरचे. दादांनी जोडीचे नाव ठेवले राम-लक्ष्मण. राम म्हणजे हेंद्रे लवकरच वारले, पण विजय पाटलांनी ते जोडनाव सोडले नाही. पुढे ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटांना संगीत देऊन त्यांनी सारा देश गायला लावला. ज्या लग्नात आजही ती गाणी वाजतात तिथे कोणाला सांगितले की या संगीतकाराला पहिली मोठी संधी आणि हे नाव दादा कोंडक्यांनी दिले, तर कोणी विश्वास ठेवत नाही. विजय पाटील २०२१ मध्ये नागपुरातच वारले.

आता हे चित्रपट आपल्यापर्यंत कसे यायचे ते नव्या पिढीला सांगायला हवे. मुंबईत रौप्यमहोत्सव झाला तरी चिमूरला पेटी लगेच येत नसे. विदर्भाचा वितरणाचा व्यवहार अमरावती-भुसावळकडून चाले. प्रिंटा मोजक्या, त्या आधी नागपूर-अमरावती, मग चंद्रपूर, मग तालुके. एसटीच्या टपावरून पत्र्याची पेटी फिरत फिरत यायची, तोवर रिळांवर पाऊस पडल्यासारख्या रेघा उमटलेल्या असत. धान निघाले, लोकांच्या हातात दोन पैसे आले की टुरिंग टॉकीजचे तंबू लागत. घोडायात्रेत तर हमखास. जमिनीवर बसणाऱ्याचे तिकीट स्वस्त, बाकड्याचे त्याहून जास्त, खुर्ची म्हणजे श्रीमंती. बाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला. आसपासच्या खेड्यांतून बैलबंड्या निघत, पोट्टे बंडीतच झोपी जात आणि दादा पडद्यावर आले की त्यांना हलवून उठवत. रीळ तुटले की शिट्या, रीळ जोडले की शिट्या.

या तंबूत मी एक गोष्ट पाहिली आहे आणि तीच माझ्या त्या वहिनींना उत्तर आहे. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त हसू यायचे ते बायांच्या बाजूने. पदर तोंडाला लावून, एकमेकींना कोपर मारून त्या हसत. नऊवारी नेसलेल्या, रोवणी-कापणी करणाऱ्या, घरी मोठ्या आवाजात बोलायची मुभा नसलेल्या बाया. त्यांना दादांच्या बोलण्यात काही नवीन नव्हते. लग्नातली उखाण्यांची, हळदीची गाणी, बांधावरची थट्टा यांतून हीच भाषा त्या बोलत आल्या होत्या. अवघडून बसत ते आम्ही, चार पुस्तके शिकलेले. कारण दुसरा अर्थ आम्हाला कळला आहे हे शेजाऱ्याला कळेल, याची भीती आम्हाला वाटे.

सेन्सॉर बोर्डाशी दादांच्या ज्या लढाया झाल्या त्याही याच मुद्द्यावर. संवाद कागदावर लिहिला तर त्यात आक्षेपार्ह शब्द सापडत नसे. नाव वाचले तर साधे वाक्य. दादांचे म्हणणे असे की शब्द माझा आहे, पण अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यातला आहे, कापायचाच असेल तर तिथला कापा. युक्तिवाद वकिली होता आणि थोडा लबाडही. त्यांना दुसरा अर्थ ठाऊक होता, तो कुठे पोचणार हेही ठाऊक होते. पण पहिल्या काही चित्रपटांत त्या चावटपणामागे एक भाबडा, आईला आये म्हणून हाक मारणारा, गरीब माणूस उभा आहे. त्याला शहरातले लोक फसवतात, पाटील-सावकार नाडतात, साहेब धमकावतात आणि तो वेड पांघरून सगळ्यांना उताणे पाडतो. लोक हसत ते नुसत्या द्व्यर्थाला नव्हे. आपल्यासारखाच एक अडाणी माणूस शहाण्यांना पुरून उरतो आहे, याला हसत. चावटपणा ही फोडणी होती, भाजी वेगळी होती.

पुढे पुढे फोडणीचीच भाजी झाली, हेही सांगितले पाहिजे. नंतरच्या चित्रपटांत बाईकडे पाहण्याची नजर उथळ होत गेली. नाम्याच्या भोळेपणाने जे झाकले जात होते ते पन्नाशी ओलांडलेल्या नायकाच्या अंगावर उघडे पडले. ‘मुका घ्या मुका’, ‘पळवापळवी’, ‘येऊ का घरात’, ‘सासरचं धोतर’ ही नावे पोस्टरवर गर्दी खेचत, पण आत ‘सोंगाड्या’तला जीव नव्हता. ‘तेरे मेरे बीच में’, ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ अशा हिंदी चित्रपटांनी देशभर त्यांचे नाव नेले, पण ते चावट नावापुरते. मराठी मातीतला शब्द उपटून हिंदीत लावला की तो रुजत नाही. उत्तरेत त्यांना ओळखणारी माणसे आजही फक्त ती शीर्षके सांगून हसतात. ‘विच्छा’मधला हवालदार त्यांना माहीत नाही, आणि याचे मला वाईट वाटते.

दादांचा प्रभाव ओसरला याला लोक व्हिडिओ आणि रंगीत टीव्ही यांची कारणे देतात. ती आहेतच. मला मात्र आणखी एक तारीख महत्त्वाची वाटते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी खोली विकून गाव गाठले. लालबागच्या ‘भारतमाता’त आणि दादर-परळच्या टॉकीजमध्ये पाळी सुटल्यावर जो माणूस तिकिटाच्या रांगेत उभा राहत होता, ज्याच्या चाळीत दादा स्वतः वाढले होते, त्याच्या खिशातून तिकिटाचे पैसेच गेले. ‘आली अंगावर’ त्याच १९८२ सालचा. त्यानंतर तसा काळ पुन्हा आला नाही. हा माझा हिशेब आहे, कोणी खोडून दाखवला तर आनंद आहे. पण ज्या दुकानाचे गिऱ्हाईकच देशोधडीला लागते ते दुकान फार दिवस चालत नाही, एवढे मी कर्जवसुलीच्या नोकरीत पाहिले आहे.

‘कोहिनूर’च्या उपकाराची आठवण दादांनी शेवटपर्यंत ठेवली. शिवसेनेच्या सभांत ते भाषणे करत आणि मोठमोठ्या पुढाऱ्यांपेक्षा गर्दी त्यांना होत असे. त्या भाषणांत पुन्हा जुना सोंगाड्या जागा होई. समोर लाख माणूस, हातात माइक, विरोधी पुढाऱ्यांच्या नकला, कालच्या पेपरातली बातमी. माझ्या मते नट म्हणून शेवटची काही वर्षे ते चित्रपटापेक्षा व्यासपीठावरच अधिक जिवंत होते.

घरी मात्र कोणी नव्हते. लग्न झाले होते पण संसार टिकला नाही. त्या भानगडींची चर्चा वर्तमानपत्रांनी भरपूर केली, आपण ती इथे करू नये. एवढेच सांगतो की त्यांनी अनिता पाध्ये यांच्याकडे जे आत्मकथन सांगितले, त्याचे नाव ‘एकटा जीव’ आहे. आपल्या गाजलेल्या चित्रपटाच्या नावातला सदाशिव त्यांनी काढून टाकला आणि फक्त पहिले दोन शब्द ठेवले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. लालबागच्या मारामाऱ्यांपासून स्टुडिओतल्या राजकारणापर्यंत सगळे त्यात आहे. हसवणाऱ्याचे पुस्तक म्हणून हातात घ्याल तर शेवटी गप्प होऊन खाली ठेवाल.

१४ मार्च १९९८ ला दादरच्या घरी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सुश्रुषा रुग्णालयात नेले, पण उपयोग झाला नाही. वय ६५. बातमी कळली तेव्हा मार्च महिना म्हणून आमच्या शाखेत वर्षअखेरची धावपळ चालू होती. कॅशियरने खिडकी दोन मिनिटे बंद केली आणि रांगेतल्या एकानेही तक्रार केली नाही. उलट रांगेतूनच कोणीतरी ‘पांडू हवालदार’मधला प्रसंग सांगायला लागला. दुसऱ्याने पुढचा सांगितला आणि थोड्या वेळाने सगळी रांग हसत होती. एक म्हातारी मात्र डोळे पुसत उभी होती. तिला दादा कुठल्या गावचे हेही ठाऊक नव्हते. आपल्याच तालुक्यातले असावेत असा तिचा समज होता.

मागच्या दिवाळीनंतर एका मंडईला गेलो होतो. रात्री झाडीपट्टीतले नाटक होते, वडशाच्या कंपनीचे. दोन अंकांच्या मधे विनोदी नट आला. वय पंचवीस असेल, म्हणजे दादा गेले तेव्हा त्याचा जन्मही नव्हता. अंगात बंडी, खाली पट्ट्यापट्ट्यांची ढगळ चड्डी आणि तिचा नाडा गुडघ्याच्या खाली लोंबलेला. तो एक शब्दही न बोलता नुसता उभा राहिला तरी पेंडॉल हसायला लागला होता.